मागच्या चाकाला दिशा देणारा टाय रॉड

प्रश्न : मी मिशिगनमध्ये राहतो. एका फ्रंट-व्हील-ड्राइव्ह मोटारीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि सबफ्रेम (हे सगळे धरणारा सांगाडा) आसनांच्या मागे बसवून मी दोन आसनांची गाडी बांधली आहे. स्टिअरिंग रॅक (चाके वळवणारी यंत्रणा) काढून टाकून टाय रॉडची (चाकाची दिशा धरून ठेवणाऱ्या दांड्यांची) आतली टोके सबफ्रेमवर पक्की केली आहेत. वळणावर उंचवटा आला की गाडीचा मागचा भाग बाहेर जातो. मागे कडक स्प्रिंगा लावल्या आणि गाडी ३० मिलिमीटर खाली घेतली, तेव्हा दोष वाढला. चालकासह वजन पुढे ५३० आणि मागे ७३० किलो आहे.

उत्तर : स्प्रिंगांना हात लावण्याआधी टाय रॉड तपासा. चाक वर-खाली होताना खालचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारी भुजा) एका कमानीत फिरतो आणि टाय रॉड दुसऱ्या; या दोन कमानी जुळल्या नाहीत, तर चाकाची दिशा आपोआप बदलते. वळणात भार घेणारे बाहेरचे मागचे चाक वर जाताना टो-आउट झाले, म्हणजे त्याची पुढची कड बाहेर वळली, तर गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो, आणि आपण सांगता ते लक्षण नेमके हेच आहे. गाडी खाली घेतल्याने आर्म आणि रॉड या दोन्हींचे कोन बदलले, त्यामुळे विसंगती वाढली असणार. पॉन्टिॲक फिएरो या आसनांमागे इंजिन असलेल्या अमेरिकी मोटारीच्या १९८४ ते १९८७ च्या गाड्यांतही पुढची सस्पेन्शन-रचना अशीच मागे नेली होती. १९८८ मध्ये ती बदलून नवी रचना देण्यात आली.

मोजमाप घरी करता येते. गाडी स्टँडवर भक्कम उभी करून मागच्या स्प्रिंगा काढा, नेहमीच्या उंचीपासून चाक जॅकने वर-खाली ५० मिलिमीटरपर्यंत न्या आणि दर १० मिलिमीटरला टो (चाकाची पुढची कड किती आत किंवा बाहेर वळली आहे ते) मोजून आलेख काढा. रेषा सरळ पण तिरकी आली, तर रॉडच्या एका टोकाची उंची चुकली आहे. ती शिम (पातळ चकती) घालून थोडी थोडी बदलावी. रेषा वाकडी आली, तर रॉडची लांबी चुकली असून आतल्या टोकाची जागाच हलवावी लागेल, आणि हे वेल्डिंगचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. चाक वर जाताना टो शून्य राहावा किंवा किंचित टो-इन व्हावा, म्हणजे पुढची कड आत वळावी. या कामात घाई करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

त्यानंतर स्प्रिंगा. मागच्या एका चाकावर ३६५ किलो येतात. त्यातून चाक, ब्रेक वगैरेंचे सुमारे ४२ किलो वजा केल्यास ३२३ किलो उरतात. स्प्रिंगांवर गाडी सेकंदाला १.८ वेळा (१.८ हर्ट्झ) वर-खाली व्हावी असे धरल्यास चाकापाशी मोजलेली स्प्रिंगची ताठरता दर मिलिमीटरला सुमारे ४१ न्यूटन हवी. पुढे एका चाकावर अशीच वजावट करून उरणाऱ्या सुमारे २३० किलोंसाठी १.६ हर्ट्झने ती २३ येते. हे आरंभाचे आकडे आहेत. मागे याहून कडक स्प्रिंग घातल्यास वळणातील भारबदलाचा अधिक वाटा मागच्या टायरांवर पडतो आणि त्यांची पकड आधी सुटते. वळणात गाडीचा अंगझुकाव कमी करायचा असेल, तर अँटी-रोल बार (दोन्ही बाजूंची चाके जोडून झुकाव रोखणारी सळई) पुढचा जाड करावा, मागचा नव्हे.