'शुअर' की 'सर्टनली'? मेलमधील होकाराविषयी

आपला प्रश्न असा आहे की, परदेशी ग्राहकाने सुधारित ड्रॉइंग शुक्रवारपर्यंत मागितले तेव्हा आपण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखान्यातून 'या, शुअर' (yeah, sure) एवढेच उत्तर पाठवले, त्यावर वरिष्ठांनी 'सर्टनली' लिहायला सांगितले, आणि आता कोणता शब्द धरावा हे ठरत नाही. माझे मत विचाराल तर दोन्ही सोडून 'येस, आय विल सेंड इट बाय फ्रायडे' असे लिहावे. काय मिळणार आणि केव्हा, हे वाक्यात आले की साधा 'येस' पुरेसा सभ्य असतो.

'या' हा बोलण्यातला शब्द असल्याने नव्या ग्राहकाला लिहू नये. 'शुअर' उद्धट नाही. अमेरिकी माणूस किरकोळ विनंतीला तो सहज देतो, मात्र एकटाच लिहिला तर थोडा तुटक वाटतो. 'सर्टनली' चुकीचा नसला तरी प्रत्येक मेलमध्ये आला की हॉटेलातील वेटरची आठवण होते. 'ऑफ कोर्स' विनंतीला शोभतो; पण 'कास्टिंग (ओतीव भाग) तपासले का?' या प्रश्नाला तो दिल्यास 'हे काय विचारणे झाले?' असा सूर निघतो. 'फाइन' एकटा लिहिल्यास नाराजी वाटू शकते.

खरी फसगत मात्र याहून वेगळ्या ठिकाणी होते, आणि तिच्याकडे आपल्या भागात कोणाचे लक्ष जात नाही. 'माल अजून पाठवला नाही ना?' याला आपण मराठीत 'होय, नाही पाठवला' म्हणतो, कन्नड सहकारीही 'हौदु, कळिसिल्ला' म्हणतो, त्यामुळे ऑफिसात ही सवय कोणालाच खटकत नाही. इंग्रजीत मात्र माल गेला नसेल तर 'नो, वी हॅव नॉट' असेच उत्तर द्यावे लागते. नुसता 'येस' वाचून ग्राहक माल निघाला असेही समजू शकतो. 'वुड यू माइंड' (आपली हरकत आहे का) ने सुरू होणाऱ्या विनंतीलाही होकार द्यायचा असल्यास 'नॉट अ‍ॅट ऑल' म्हणावे लागते.

मोकळेपणा केव्हा घ्यावा, हे ग्राहकाच्या मेलवरून कळते. तो 'साउंड्स गुड' लिहू लागला आणि खाली नुसते पहिले नाव टाकू लागला, की आपणही 'शुअर, विल डू' लिहायला हरकत नाही. खानापूरच्या बाजारात काकांना 'होय काका' आणि मित्राला 'व्हय की रे' म्हणताना आपण हेच करत असतो. ऑफिसातील कन्नड 'आयतु सर' (ठीक आहे, सर) मात्र सगळीकडे चालतो, आणि त्याच सवयीने मेलमध्ये 'ओके सर' उतरतो. पहिल्या नावाने सही करणाऱ्याला त्यातील 'सर' अनोळखी वाटतो. 'ओके' हा १८३९ साली बोस्टनच्या वृत्तपत्रात चुकीच्या स्पेलिंगची गंमत म्हणून छापला गेला होता, तरी तेवढ्यावरून तो आज हलका ठरत नाही. अडचण एवढीच की 'वाचले' आणि 'मान्य आहे' यांतले नेमके काय, ते त्यातून कळत नाही. 'नोटेड' तर केवळ पोच देतो.

म्हणून दर, मुदत किंवा ड्रॉइंगमधील बदल मान्य असेल तर 'वी अ‍ॅक्सेप्ट द रिव्हाइज्ड प्राइस' अशा पूर्ण वाक्यात लिहावे, आणि 'आय अ‍ॅम अ‍ॅग्री' असे कधीही लिहू नये. 'आय अ‍ॅग्री' एवढेच बरोबर आहे.