मोहिमेआधी लेसर? जरा थांब

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल दोनदा वाचलं. डोळ्यांचा मायनस साडेपाच नंबर, डोंगरावरची मोहीम अडीच महिन्यांवर, आणि शेवटी ‘दादा, त्याआधी लेसर करून टाकू का?’ उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. कर, पण या मोहिमेआधी नको.

चष्म्याचा वैताग मला नव्याने सांगू नकोस. मी मायनस सहाचा चष्मा लावून बारा वर्षं डोंगर चढलो. बफ, म्हणजे गळ्यातला कापडी पट्टा, नाकावर ओढला की श्वासाची वाफ थेट काचांवर, खाली केला की नाक बधिर. शेवटी कंटाळून लेन्स लावायला लागलो. मग एका रात्री दोन वाजता समिटसाठी उठलो, डबी उघडली, तर दोन्ही कप्प्यांत बर्फाच्या दोन चकत्या आणि त्यांच्या आत माझ्या लेन्स. डबी काखेत दाबून अर्धा तास बसून राहिलो. बाहेर बाकीचे बुटांना क्रॅम्पॉनचे खिळे चढवून पाय आपटत होते, कुणी काही बोलत नव्हतं आणि तेच जास्त लागत होतं. लेसरचा निर्णय मी त्या अर्ध्या तासात घेतला. तेव्हा तुझी घाई मला कळते.

तुला कुणीतरी सांगितलंय की लेसर केलेला एक माणूस एव्हरेस्टवर आंधळा झाला. घटना खरी आहे, पण त्यात लेसर नव्हतं. १० मे १९९६ ची गोष्ट. बेक वेदर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरने काही वर्षांपूर्वी नंबर घालवण्यासाठी रेडियल केराटॉटॉमी करून घेतली होती. सायकलच्या चाकाला आरे असतात तशा बारीक चिरा कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक काचेवर, हिऱ्याच्या पात्याने द्यायच्या, अशी ती जुनी पद्धत. कॉर्नियाला रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन मुख्यतः समोरच्या हवेतून घेतो. हवा विरळ झाली की तो किंचित सुजतो. धड कॉर्निया सगळीकडून सारखा सुजतो, त्यामुळे नंबर फारसा हलत नाही. चिरा दिलेला कॉर्निया मात्र चिरांपाशी जास्त फुगतो, मधला भाग सपाट होतो आणि नंबर प्लसकडे सरकतो. वेदर्सना सुमारे ८४०० मीटरवर दिसेनासं झालं. मोहिमेचा नेता रॉब हॉल त्यांना म्हणाला, मी परत येईपर्यंत इथेच थांब. हॉल परत आला नाही, वादळ आलं. वेदर्स जगले, पण उजवा हात कोपराखाली, डाव्या हाताची बोटं आणि नाक गमावून. यातली एक गोष्ट पक्की लक्षात ठेव: मास्कमधला ऑक्सिजन फुप्फुसात जातो, कॉर्नियाला तो समोरून मिळत नाही. सिलिंडर आहे म्हणून डोळे सुरक्षित, असं नसतं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या पाइक्स पीक या डोंगरावरच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे ४३०० मीटरवर लोकांना ७२ तास ठेवून नंबर मोजले. चिरा दिलेले डोळे प्लसकडे सरकले. पीआरके, म्हणजे कॉर्नियाच्या पृष्ठभागावर लेसर मारायची पद्धत, केलेले डोळे आणि शस्त्रक्रिया न झालेले डोळे जागच्या जागी राहिले. मी पीआरके निवडलं त्यामागे हे एक कारण होतं.

दुसरं कारण म्हणजे फ्लॅप. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पापुद्रा, साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉन जाडीचा (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर), पुस्तकाच्या पानासारखा उघडतात, खाली लेसर मारतात आणि पान परत मिटवतात. टाका नाही, दुखणं नाही, दुसऱ्या दिवशी लख्ख दिसतं. म्हणून लोकांना लॅसिक आवडतं, आणि त्यात चूक काही नाही. पण ते पान कडेने धरतं, आत पूर्वीसारखं एकजीव कधीच होत नाही. बोटाचं नख किंवा झाडाची फांदी लागून कित्येक वर्षांनी फ्लॅप सरकल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. आता तुझ्या चेहऱ्यावर काय काय येतं ते आठव. सुटलेल्या दोराचं टोक, वरच्या माणसाने उडवलेला बर्फाचा तुकडा, दोघांच्या तंबूत झोपलेल्या तिसऱ्याचं कोपर.

उंचीच्या बाबतीत लॅसिक वाईट नाही. जेफ टॅबिन हे डोळ्यांचे सर्जन, स्वतः एव्हरेस्ट चढलेले. त्यांनी एका सहकाऱ्यासोबत २००३ मध्ये लॅसिक केलेल्या सहा एव्हरेस्ट गिर्यारोहकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातले चौघे माथ्यावर पोचले. बहुतेकांना नीट दिसत होतं, काहींना वर थोडं धूसर झालं आणि खाली उतरल्यावर निवळलं. काही लॅसिक डोळे उंचीवर जरासे मायनसकडे झुकतात, पण ते वेदर्ससारखं नसतं.

पीआरकेमध्ये पान नसतं. वरची पातळ त्वचा काढून थेट पृष्ठभागावर लेसर मारतात आणि त्वचा पुन्हा उगवते. ती उगवेपर्यंतचे तीन-चार दिवस मात्र वाईट. मी अंधाऱ्या खोलीत डोळ्यांत वाळू भरल्यासारखा पडून होतो आणि ज्यांनी ‘थोडं टोचेल’ म्हटलं होतं त्यांची मनातल्या मनात आठवण काढत होतो. नंतर कित्येक आठवडे नजर आज बरी, उद्या धूसर. शिवाय त्या काळात कडक अल्ट्राव्हायोलेट पडलं तर कॉर्नियावर धुरकटपणा येण्याचा धोका वाढतो, आणि बर्फाइतकं अल्ट्राव्हायोलेट दुसरीकडे कुठे मिळणार? स्माइल नावाचा तिसरा प्रकार आहे. त्यात दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून आतली चकती ओढून काढतात, फ्लॅप नसतो. त्याबद्दलही डॉक्टरांना जरूर विचार.

आता अडीच महिने का पुरत नाहीत ते सांगतो. लेसरने कॉर्नियाच्या बारीक नसा तुटतात, लॅसिकमध्ये जास्तच, त्यामुळे काही महिने डोळे कोरडे राहतात. वरची थंड, सुकी हवा त्यात भर घालते. समिटची चढाई रात्री सुरू होते, आणि सुरुवातीचे काही महिने पुढच्याच्या हेडटॉर्चभोवती वलयं दिसतात. दोराची गाठ नीट बसली की नाही हे त्या वलयातून ओळखायचं? वरून स्टेरॉइडचे थेंब चालू असतील तर डोळ्यातला दाब अधूनमधून तपासावा लागतो, आणि बेस कॅम्पवर तो कोण तपासणार? माझा हिशेब सरळ आहे: लेसर आणि मोठी मोहीम यांच्यामध्ये सहा महिने. लॅसिकवाले कमी सांगतील. सांगू देत.

लेसरने काय होत नाही हेही ऐक. मायनसचा डोळा लांबट असतो आणि मागचा पडदा ताणलेला. नंबर गेला तरी तो तसाच ताणलेला राहतो, आणि फाटण्याची भीतीही राहते. अचानक वीज चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके वाढले किंवा नजरेसमोर कुणी पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर ताबडतोब डॉक्टर गाठायचा. दुसरं, चष्मा गेला की माणूस गॉगलचाही कंटाळा करतो. दर हजार मीटरला अल्ट्राव्हायोलेट दहा टक्क्यांच्या आसपास वाढतं आणि ताजा बर्फ त्यातलं ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. स्नो ब्लाइंडनेस लगेच कळत नाही, सहा-आठ तासांनी, नेमका झोपायच्या वेळी डोळे पेटतात. कॅटेगरी चारचा, म्हणजे सगळ्यात गडद काचांचा, बाजूंनी बंद गॉगल घाल, ढग असले तरी. आणि वर धूसर दिसलं की ‘लेसरमुळे असेल’ म्हणून चालत राहू नकोस. सोबत डोकं ठणकत असेल, पाय वाकडे पडत असतील, तर तो मेंदूच्या सुजेचा प्रकार असू शकतो, आणि त्यावर पहिला उपाय खाली उतरणं.

या खेपेला असं कर. दोन चष्मे ने, एक तुझ्याकडे आणि एक जोडीदाराच्या सॅकमध्ये. नंबरच्या काचा आत बसतात असा गॉगल मिळतो, तो आत्ताच बनवून घे आणि इथल्या थंडीत घालून बघ. लेन्स लावायच्याच असतील तर रोज फेकायच्या, आणि त्या घालून झोपायचं नाही. दुसऱ्या दिवशीची जोडी आणि डोळ्यांचे थेंब आतल्या खिशात, रात्री स्लीपिंग बॅगमध्ये.

दरम्यान तपासणी मात्र करून ठेव. त्याआधी दोन आठवडे लेन्स बंद, नाहीतर मापं खोटी येतात. वर्षभर नंबर स्थिर आहे का, कॉर्नियाचा नकाशा सरळ आहे का, हे ते बघतीलच. तू जाडी विचार. साधारण ५४० मायक्रॉन असते. एका नंबरामागे बारा-पंधरा मायक्रॉन जातात, म्हणजे तुझे सत्तर-ऐंशी. लॅसिक केलंस तर फ्लॅपचे शंभर-सव्वाशे वेगळे, आणि खाली अडीचशे-तीनशे उरलेच पाहिजेत. जाडी ५४० निघाली तर तुला निवड करता येईल. ४८० निघाली तर लॅसिकचं नावही काढू नकोस. नकाशात कॉर्निया खाली ओघळल्यासारखा दिसला, तर मग कुठलंच लेसर नाही, आणि त्या दिवशी मला फोन कर, पत्र नको.

जाडीचा आकडा कळव.

तुझा,
दादा