गहू सोडलाय, आता रक्त तपासू का?

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. लोहाचं औषध चालू असूनही हिमोग्लोबिन आठच्या वर सरकत नाही, पोट फुगतं. डॉक्टरांनी सीलिअ‍ॅक या गव्हामुळे होणाऱ्या आतड्याच्या आजारासाठी रक्ततपासणी लिहून दिली होती. पण जाऊबाई म्हणाल्या, आधी गहू बंद करून बघ. दोन महिने जोंधळ्याची भाकरी देते, पोट हलकं झालंय. खपली चालते म्हणतात, म्हणून सणाला हुग्गी (खपलीची खीर) तेवढी केली. आता तपासणी करू का? – एक आई, निपाणी

उत्तर : ताई, लगेच नको. सीलिअ‍ॅक असलेल्याच्या पोटात ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) गेलं की शरीर स्वतःविरुद्धच प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार करतं. रक्तात तीच मोजतात. गहू थांबला की ती उतरत जातात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. आपल्याकडे तर ताट भाकरी-भाताचंच. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट समोर आला की मी आधी विचारते, लेकरू चपाती कितीदा खातं?

खपली हाही गहूच, त्यातही ग्लुटेन आहे. पण सणाच्या एका हुग्गीवर तपासणीचा भरवसा धरता येत नाही.

बरं वाटतंय तर तपासणी कशाला, असं मनात आणू नका. सीलिअ‍ॅक निघालं तर गहू जन्मभर सोडायचा. मांडे गेले, शिरा गेला, डबीतल्या हिंगातही बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. एवढा मोठा निर्णय पोरीवर अंदाजाने लादू नये.

डॉक्टरांना विचारून गहू पुन्हा सुरू करा : साधारणपणे रोज, एकाहून जास्त जेवणांत, निदान सहा आठवडे. त्रास वाढला तर तसंच रेटू नका, त्यांना दाखवा. मग टीटीजी आयजीए (त्या प्रतिपिंडांची तपासणी) करा आणि सोबत टोटल आयजीए मागून घ्या; आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार. सीलिअ‍ॅकच्या शंभरातल्या दोन-तीन जणांच्या रक्तात आयजीए जवळजवळ नसतंच. त्यांची पहिली तपासणी फसते, आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांवरची करावी लागते. उपाशीपोटी जायची गरज नाही, उपमा खाऊन गेली तरी चालेल.

पॉझिटिव्ह आलं तरी त्याच दिवशी गहू बंद करू नका. पोटाच्या डॉक्टरांना दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा तपासायचा असू शकतो, त्यालाही गहू चालू लागतो. मुलांमध्ये टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही प्रतिपिंडांचीच आणखी एक तपासणी पॉझिटिव्ह आली, तर कधी दुर्बीण टळतेही.

निदान पक्कं झालं तर तिच्या भावंडांचं आणि तुम्हा दोघांचंही रक्त तपासून घ्या, कुणाला काही त्रास नसला तरी.