ठसका थांबेल, पण आवाज?

प्रश्न: पोळ्याच्या आठवड्यात बाबांना लकवा मारला, त्याला आठ महिने झाले. हातपाय सुधारले, पण पाणी पाजलं की ठसका लागते. तीनदा न्यूमोनिया झाला. पोटात नळी टाकली, तरी छातीत कफ भरतेच. आता श्वासनलिका वेगळी करायचं ऑपरेशन सांगितलं आहे, पण आवाज जाईल म्हणतात. बाबा अजून आम्हाले हाक मारतात. काय करावं?
– एक मुलगी, दारव्हा तालुका

उत्तर: ताई, पोटातल्या नळीने जेवण पोटात जातं, लाळ मात्र घशातूनच उतरते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तीच चुकीच्या वाटेने फुप्फुसात जात असावी. म्हणून तोंडाने काही देत नसाल तरी दात, जीभ रोज दोनदा स्वच्छ करा. नळीने भरवताना आणि नंतर तासभर बाबांना टेकून बसवा.

ऑपरेशनआधी नाकातून दुर्बीण घालून गिळण्याची तपासणी झाली का? पत्रात तसं दिसत नाही. एक स्वरतंतू लुळा निघाला तर तो मध्याकडे सरकवता येतो. त्याने आवाज जात नाही, उलट सुधारतो. अन्ननलिकेचं वरचं तोंड उघडत नसेल, तर तिथला स्नायू कापतात. नुसतं गळ्याला छिद्र पाडून नळी बसवल्याने कफ ओढता येतो, लाळ उतरणं थांबत नाही.

तुम्हाला सांगितलेलं ऑपरेशन अमेरिकेतल्या डॉ. लिंडमन यांनी १९७५ साली मांडलं. श्वासनलिका कापून खालचं टोक गळ्याच्या कातडीला जोडतात, वरचं अन्ननलिकेला. मग लाळ छातीत जायला वाटच उरत नाही. माझ्याकडचे एक आजोबा त्यानंतर तोंडाने आंबील प्यायले, तेव्हा आजी पदर डोळ्याला लावून बसल्या होत्या. पण श्वास कायम गळ्यातून, हवा स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, म्हणून आवाज जातो. तूर काढताना उडणारा भुसा, अंघोळीचं पाणी, सगळं जपावं लागतं. छिद्रावर ओलसर मलमलचं फडकं हवं. कफ ओढायचं यंत्र पायाने चालणारं घ्या, वीज गेली तर अडायला नको. पुन्हा जोडता येतं म्हणतात, पण तशी वेळ फार थोड्यांवर येते, त्या आशेवर होकार देऊ नका.

इतर उपाय थकले असतील आणि न्यूमोनिया होतच असेल, तर मी हे ऑपरेशन सुचवेन. पण बाबांना समजतं, ते हाक मारतात, म्हणजे विचारायचं त्यांना. भावांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात परस्पर ठरवू नये. घरी निवांत वेळी, तुमच्या बोलीत सांगा, आणि लगेच उत्तर मागू नका.

नागपूरच्या मेडिकलला किंवा सेवाग्रामला कान-नाक-घसा विभागात दाखवा. तिन्ही वेळचे छातीचे एक्सरे आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या.