टीए शिकायचे आहे, पण पुराव्यासकट

फोंड्याहून एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. त्यांनी ट्रान्झॅक्शनल ॲनालिसिसचा, म्हणजे माणसाच्या मनातील ‘पालक, प्रौढ, बालक’ या बाजूंवर आधारलेल्या टीए या उपचारपद्धतीचा, दोन दिवसांचा परिचयवर्ग केला आणि पुढे याच पद्धतीने मानसोपचार करण्याचे मनाशी ठरवले. मात्र विभागातील एका प्राध्यापकांनी ‘टीएला संशोधनाचा आधार नाही’ असे सुनावले, आणि या प्रमाणपत्रावर पोट भरेल का, असे वडील विचारत आहेत. टीएला पुरावा आहे का, असल्यास तो प्रत्यक्ष उपचारात कसा वापरावा आणि पदवीनंतर कोणती वाट धरावी, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, म्हणून ते आधी देतो. टीएचे प्रमाणपत्र व्यावसायिक संघटना देतात. तो सरकारी परवाना नव्हे. आपल्याकडे ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले प्रशिक्षण आणि परिषदेकडे नोंदणी लागते, आणि 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील व्याख्याही त्याच अंगाने जाते. या क्षेत्रातील एम.फिल. अभ्यासक्रमांचे स्वरूप सध्या बदलत आहे, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी परिषदेची चालू वर्षाची यादी स्वतः पाहावी, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. टीए हा या पायावर चढवायचा मजला आहे. प्रमाणित टीए विश्लेषक होण्यासाठी क्लायंटसोबतचे किमान 750 तास आणि सुपरव्हिजनचे, म्हणजे अनुभवी उपचारकाच्या देखरेखीचे, 150 तास भरावे लागतात. शिवाय लेखी परीक्षा आणि तोंडी परीक्षा असते. तोंडी परीक्षेत स्वतःच्या सत्रांचे ध्वनिमुद्रण परीक्षकांपुढे वाजवून दाखवावे लागते. नोकरी सांभाळून हे करणाऱ्याला काही वर्षे सहज लागतात. तेव्हा आधी नोंदणी, मग टीए, हा क्रम वडिलांना पटावा.

आता प्राध्यापकांचे म्हणणे. ते अर्धे खरे आहे. मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न यांनी 1950 च्या दशकात ही पद्धत बांधायला घेतली, 1961 मध्ये तिच्यावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला आणि 1964 च्या पुस्तकाने ती घराघरांत पोचवली. ही लोकप्रियताच पुढे काहीशी अंगाशी आली, असे माझे मत आहे. पालक, प्रौढ आणि बालक या तीन अहंस्थिती, म्हणजे विचार करण्या-वागण्याचे तीन ढंग, कोणालाही एका आकृतीत समजतात, म्हणून व्यवस्थापनाच्या शिबिरांपासून शिक्षकांच्या कार्यशाळांपर्यंत त्या सगळीकडे गेल्या. परंतु उपचारपद्धतीची कसोशीने तपासणी करण्याचे काम बराच काळ मागे पडले, आणि त्याच काळात संज्ञानात्मक वर्तनोपचारावर, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीवर, शेकडो चाचण्या झाल्या. तरीही ‘आधार नाही’ असे आज म्हणता येत नाही. ब्रिटनमधील प्राथमिक आरोग्यसेवेत टीए घेतलेल्या रुग्णांमध्ये झालेल्या सुधारणेची नोंद 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तुलनेसाठी नियंत्रण गट, म्हणजे हा उपचार न घेतलेल्यांचा गट, नव्हता, हेही लक्षात ठेवावे. 2012 पासून टीएचे संशोधक मार्क विडोसन यांनी नैराश्यावरील टीए उपचारांचे एकेका रुग्णाचे सखोल अभ्यास प्रसिद्ध केले. व्हॉस आणि व्हॅन राइन या संशोधकांनी 2022 मध्ये टीएवरील अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात उपचाराचे परिणाम मध्यम ते मोठे आढळले. पण तिथे एकत्र केलेले अभ्यास एकमेकांपासून बरेच भिन्न असून सगळ्यांचा दर्जा सारखा नाही. पुरावा विरळ आहे आणि वाढतो आहे, एवढेच प्राध्यापकांपुढे मांडा. त्याहून जास्त दावा केलात तर पुढच्याच प्रश्नाला अडकाल.

मात्र टीएची बाजू लढवण्यासाठी संशोधन वाचणे हा त्याचा सर्वांत किरकोळ उपयोग आहे. खरा उपयोग उपचाराच्या खोलीत होतो, आणि तिथे टीए की दुसरी पद्धत हा प्रश्न दुय्यम ठरतो. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोणत्या क्लायंटची स्थिती बिघडेल, याचा अंदाज उपचारकांकडून मागवला होता. 550 जणांपैकी केवळ 3 जणांबाबत त्यांनी तसे भाकीत केले. प्रत्यक्षात 40 जणांची स्थिती बिघडली. 2012 च्या दुसऱ्या एका पाहणीत 129 मानसोपचार व्यावसायिकांपैकी स्वतःला सरासरीहून कमी मानणारा एकही निघाला नाही. ही माणसे अप्रामाणिक नव्हती. समोरचा माणूस दर आठवड्याला वेळेवर येतो, हसून बोलतो, आभार मानतो, यावरून तो सावरतो आहे असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि नेमके तेच फसवते.

यावरचा उपाय साधा आहे. सत्राच्या सुरुवातीला क्लायंटकडून एक छोटी प्रश्नावली भरून घ्यायची. पीएचक्यू-9 मध्ये नैराश्याचे नऊ प्रश्न असतात आणि गुण 0 ते 27 पर्यंत जातात. कोअर-10 मध्ये एकूण मानसिक त्रासाविषयीचे दहा प्रश्न असतात. वेळ तीन-चार मिनिटे. गुणांचा आलेख क्लायंटसमोरच काढायचा, म्हणजे तो फायलीत न कुजता संभाषणाचा विषय होतो. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तिथे शून्याखेरीज काहीही दिसले तर बाकीचे सगळे बाजूला ठेवून त्याविषयी त्याच सत्रात थेट विचारायचे, सुपरव्हायझरला कळवायचे, आणि गरज भासल्यास बांबोळीच्या मनोरुग्णालयाकडे पाठवण्याची व्यवस्था आधीपासून तयार ठेवायची.

टीए शिकणाऱ्याला इथे एक जमेची बाजू आहे, जिची आठवण टीएवालेच कमी ठेवतात. बर्न यांनी उपचाराचा पाया ‘करार’ मानला: क्लायंट काय बदलणार, आणि ते बदलले हे त्याला व इतरांना कशावरून कळणार, हे दोघांनी मिळून ठरवायचे. समजा, म्हापशातील एका शिक्षिकेला मुख्याध्यापकांपुढे तोंडच उघडता येत नाही. ‘आत्मविश्वास वाढवणे’ हा करार होत नाही, कारण तो मोजताच येत नाही. ‘स्टाफ मीटिंगमध्ये महिन्यातून एकदा तरी स्वतःचे मत मांडेन, आणि त्यानंतरची रात्र झोपेविना जाणार नाही’ हा करार झाला. पहिल्या आठवड्यापासून त्याची नोंद ठेवता येते आणि प्रश्नावलीच्या गुणांशेजारी ती लावता येते. पाचव्या-सहाव्या सत्रापर्यंत दोन्ही जागच्या जागीच राहिले, तर करार चुकला, नाते ताणले गेले की निदानच निसटले, हे तिच्याशीच बोलायचे. उपचारक आणि क्लायंट यांच्यातील सहकार्याचा उपचाराच्या फळाशी संबंध असतो, हे 2018 च्या एका आढाव्यात 295 अभ्यासांच्या आधारे दिसून आले आहे. म्हणून नाते ताणले गेले आहे का, हा प्रश्न औपचारिकतेपुरता विचारायचा नसतो.

आणखी एक गोष्ट टीएमुळेच तुमच्या लवकर ध्यानात येईल. लहानपणी मनात रुजलेले आदेश ओळखायला टीए शिकवते. जी व्यक्ती लहानपणापासून ‘इतरांना खूश ठेव’ अशा आदेशावर जगत आली, ती तुमच्या फॉर्मवरही तुम्हाला खूशच ठेवील. दोन आठवड्यांत गुण झपाट्याने खाली आले आणि चेहरा मात्र तोच राहिला, तर आनंद मानण्यापूर्वी हे आकडे कोणासाठी भरले गेले, असा प्रश्न मनात यायला हवा. आकडा आणि तुमचे निरीक्षण यांत तफावत पडते, तिथेच काम सुरू होते.

हे सगळे परदेशातील दवाखान्यांचे चोचले आहेत असे वाटत असेल, तर पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेच्या कामाकडे पाहा. गोव्यातील 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी नैराश्याच्या 495 रुग्णांवरील चाचणीत सहा ते आठ सत्रांचा वर्तनाधारित उपचार दिला. तीन महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्या गटातील 64 टक्के लोकांचे पीएचक्यू गुण 10 च्या खाली, म्हणजे नैराश्य ओसरल्याच्या पातळीवर, आले होते, तर केवळ सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. 2017 च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. ही पद्धत टीए नव्हे, हे खरे. त्यांच्या कामाची एक सवय मात्र तुम्ही उचलावी: हे समुपदेशक एकमेकांच्या ध्वनिमुद्रित सत्रांना ठरलेल्या निकषांवर गुण देत आणि गटात बसून त्यावर चर्चा करत. टीएच्या तोंडी परीक्षेला अखेर ध्वनिमुद्रणच लागणार आहे, तर ती सवय आजच का लावू नये?

भाषेबाबत सावध राहा. गोव्यात क्लायंट दुःख कोंकणीत सांगतो, वर्तमानपत्र मराठीत वाचतो आणि मुलांच्या शाळेचे कागद इंग्रजीत भरतो. घाईने घरीच भाषांतर केलेली प्रश्नावली वापरू नका. तपासलेली आवृत्ती मिळवा, आणि वाचता न येणाऱ्यांना प्रश्न दर वेळी एकाच शब्दांत वाचून दाखवा.

शेवटी तुमचा एम.ए.चा प्रबंध. शंभर विद्यार्थ्यांना अहंस्थितींची प्रश्नावली वाटून सहसंबंध काढण्याचा विषय सुचवला जाईल. सोपा आहे, पण त्यातून उपचाराविषयी काहीच कळत नाही. त्याऐवजी एखाद्या अनुभवी उपचारकाच्या देखरेखीखालील एका क्लायंटचा सविस्तर अभ्यास घ्या. मानसोपचार-संशोधक रॉबर्ट इलियट यांच्या पद्धतीत उपचाराने फरक पडला असे म्हणणारी आणि पडला नाही असे म्हणणारी, अशा दोन्ही बाजू त्याच नोंदींवरून मांडतात आणि त्रयस्थ परीक्षक निवाडा देतात. विडोसन यांचे अभ्यास याच धर्तीचे आहेत. मार्गदर्शकांकडे जाताना दोन पानी आराखडा न्या, ज्यात क्लायंटची लेखी संमती, ओळख लपवण्याची पद्धत आणि दर सत्राला कोणती प्रश्नावली वापरणार हे नमूद असेल. विभागाच्या नीतिविषयक समितीकडे अर्ज याच सेमिस्टरमध्ये करा. मंजुरीला वेळ लागतो, आणि तिच्याआधी गोळा केलेली नोंद प्रबंधात वापरता येत नाही.