शिकारीची सॅक घेताना आधी फ्रेम बघ

सॅक किती लिटरची, या आकड्यात अडकू नकोस. जाताना पाठीवर पाणी, जेवण, सुरी, जॅकेट एवढंच असतं; खरी परीक्षा परतताना. मोठ्या नर एल्कचं (हे एक थोराड हरीण) हाडं काढलेलं मांसच साधारण 80 ते 100 किलो भरतं, म्हणजे एकट्याला तीन-चार खेपा. म्हणून पैसे फ्रेमवर (सॅकच्या पाठीचा कडक सांगाडा) आणि कमरपट्ट्यावर घाल, कप्प्यांवर नाही. (कप्पे जास्त झाले की ऐन वेळी सुरी सापडत नाही, ते वेगळंच.)

मानेच्या तळाशी हाताला लागणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंत पाठ मोजून घे. फ्रेम खांद्यांच्या थोडी वर यायला हवी, नाहीतर खांद्यांवरून फ्रेमच्या टोकाला जाणारे पट्टे कितीही आवळले तरी ओझं मागेच लोंबतं. वजन कमरेवर, खांद्यांवर फक्त तोल.

सॅक आणि फ्रेमच्या मध्ये मांस बांधायची सोय असेल तीच घे. जड ओझं पाठीला चिकटून राहतं, रक्तही सामानात उतरत नाही. मांस मात्र हवा खेळणाऱ्या कापडी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ते गरम राहून नासतं.

परत करायची मुदत संपायच्या आत 30 किलो वाळू भरून जिना चढ-उतर करून बघ. कमरपट्टा सारखा घसरत असेल तर सॅक सरळ दुकानात परत.