रंगाने काय कळतं?

प्रश्न : भावाला ल्युकेमिया झालाय. अहवालात ‘एमपीओ पॉझिटिव्ह’ लिहिलंय. आजार वाढलाय का?

उत्तर : नाही ताई, त्यावरून आजाराचा जोर नव्हे, पेशींचं कूळ कळतं. एमपीओ म्हणजे मायलोपेरॉक्सिडेज, हे मायलॉइड पेशींतलं (पांढऱ्या रक्तपेशींच्या एका कुळातलं) एन्झाइम. काचपट्टीवर रसायन टाकलं की सूक्ष्मदर्शकाखाली निळसर केंद्रकाशेजारी बारीक तपकिरी दाणे दिसतात. किमान ३ टक्के ब्लास्ट (अपरिपक्व) पेशींत ते दिसले, की आजार मायलॉइडकडे झुकतो. लिम्फॉइड या दुसऱ्या कुळाच्या आजाराचे उपचार वेगळे, म्हणून हे रंगवणं मला फार मोलाचं वाटतं. मात्र दाणे नाहीत म्हणून मायलॉइड नाहीच, असं मी कधीच लिहीत नाही. मोनोब्लास्ट, म्हणजे मायलॉइड कुळातल्याच मोनोसाइटच्या अपरिपक्व पेशी, बऱ्याचदा कोरेच राहतात. तिथे नॉन-स्पेसिफिक एस्टरेज हे दुसरं एन्झाइम आणि फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा ओळखणारी यंत्रचाचणी) बघावी लागते. तपासणीसाठी घेतलेला हाडाचा तुकडा कापण्याआधी तीव्र आम्लात मऊ केला तर त्यातली एन्झाइमं निकामी होतात, म्हणून मी मऊ करायला ईडीटीए या सौम्य रसायनाचाच हट्ट धरते.